योग्य व्यक्ती पाहिजे

मूल सुधारले आहे की नाही हे ओळखण्याची एकच खात्रीची पद्धत सर्वत्र मान्य आहे, ती म्हणजे त्याला तसे विचारणे. "सुधारलास का?" या प्रश्नाला मुलाने मान खाली घालून "हो" म्हटले की ते सुधारले. मान वर ठेवून "हो" म्हटले तर निम्मे सुधारले. "माहीत नाही" म्हटले तर मुदत वाढवावी लागते. या पद्धतीत आजवर एकही चूक निघालेली नाही, कारण चुका तपासण्याची पद्धतही हीच आहे.

त्रिवेणी बिरादार ही हैदराबादेत अशा मुलांवर देखरेख ठेवणारी अधिकारी होती. सरकारी भाषेत परिविक्षा अधिकारी. हा शब्द तिच्या सासूला कधीच उच्चारता आला नाही. "सून परीक्षा घेते," असे ती शेजारणींना सांगायची, आणि शेजारणी आपल्या पोरांच्या दहावीच्या मार्कांसाठी त्रिवेणीकडे शब्द टाकायच्या. तिचे आजोबा भालकीकडची शेती भावाच्या हवाली करून या शहरात आले. घरात मराठी, दारात तेलुगू आणि बाजारात दखनी अशी ती वाढली. नोकरीला लागल्यावर तिन्ही भाषांत तिला एकच वाक्य ऐकू येऊ लागले, "मॅडम, पोरगा तसा चांगला आहे."

नियमाप्रमाणे प्रत्येक मुलाच्या घरी तिने दर आठवड्याला जायचे होते. मुले इतकी होती की हा नियम पाळायचा तर तिला एकाच वेळी उप्पलला आणि लंगरहौसला असणे भाग होते. कार्यालयाने यावर सहानुभूतीने विचार करून 'दूरस्थ गृहभेट' नावाची सोय काढली होती. म्हणजे फोन करायचा. मुलाने उचलला तर भेट झाली. उचलला नाही तर भेट झाली, पण घर बंद होते. (या भेटींचा प्रवासभत्ता त्रिवेणीने कधीही मागितला नाही, हे तिच्या सचोटीबद्दल नमूद केले पाहिजे.)

तर तिच्या देखरेखीखाली एक मुलगा आला. कायद्याने अशा मुलाचे खरे नाव सांगता येत नाही, म्हणून त्याला इथे गौतम म्हटले आहे. (खरे नाव त्याच्या गल्लीला, शाळेला आणि आबिड्सच्या पार्किंगवाल्याला माहीत आहे.) त्याला गुन्हेगारही म्हणता येत नाही. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणावे लागते, म्हणजे कायद्याशी ज्याचा संघर्ष झाला असा. गौतमच्या बाबतीत मात्र संघर्ष असा झालाच नव्हता. झाले होते ते असे.

गौतम सोळा वर्षांचा. वडील लॉरीवर, लॉरी येईल तेव्हा घरी येणार. आई सत्यवती नारायणगुड्याजवळच्या एका मुलींच्या हॉस्टेलात स्वयंपाक करायची, पहाटे जायची ती दिवेलागणीनंतर परतायची. एका दुपारी गौतम आबिड्सला एका कापडदुकानासमोर उभा होता. तिथल्या एका स्कूटरला किल्ली तशीच होती. त्याने ती काढून दुकानात नेऊन द्यायला हवी होती. त्याने ती फिरवली.

यापुढे त्याला कोणी पकडले नसते. पण पुढच्या चौकात लाल दिवा लागला, आणि गौतम थांबला.

हैदराबादेत भर दुपारी, चौक मोकळा असताना, लाल दिवा पाहून थांबणे ही काय चीज आहे हे बाहेरच्यांना कळणार नाही. मागच्या रिक्षावाल्याला तर ते स्वप्नातही सुचले नव्हते. तो येऊन धडकला. त्याच्या मागचा त्याला धडकला. सगळे उतरले, सगळे ओरडू लागले, आणि चूक थांबणाऱ्याची आहे यावर सर्वांचे एकमत झाले. ट्रॅफिक पोलीस आला.

"बीच में कायकु रुका रे?"

"लाल है ना साब."

पोलिसाने वर पाहिले. दिवा खरोखरच लाल होता. हे कारण त्याने नोकरीत पहिल्यांदाच ऐकले, त्यामुळे त्याचा संशय बळावला.

"गाडी किसकी है?"

"मालूम नै साब. आबिड्स से उठाया."

पोलिसाने दोनदा विचारले. गौतमने दोनदा तेच सांगितले. तपास तिथेच पूर्ण झाला.

बाल न्याय मंडळापुढे त्याला उभे केले तेव्हा मॅजिस्ट्रेटबाईंनी मायेने विचारले, "बाळ, पुन्हा असं करशील का?"

गौतमने विचार केला. "तीच गाडी असली तर नाही करणार. ओढत नव्हती ती. दुसरी असली तर आत्ता कसं सांगू?"

मंडळाने 'पश्चात्तापाचा अभाव' अशी नोंद केली. घरी दिवसा कोणी नसते, तेव्हा मुलाला दिवसभर एखाद्या योग्य व्यक्तीच्या सहवासात ठेवावे, अशी व्यक्ती पुढच्या तारखेपर्यंत न मिळाल्यास त्याची रवानगी बालसुधार संस्थेत करावी, असा आदेश झाला. सत्यवतीला आदेशातले फक्त 'संस्था' कळले. गौतमला मोटर मेकॅनिकसाठी आयटीआयला प्रवेश मिळाला होता, वर्ग सुरू व्हायचे होते. तिने त्रिवेणीचा हात धरला. "मॅडम, आत गेला तर शिकणं गेलं त्याचं. कोणी तरी बघा."

योग्य व्यक्ती म्हणजे कोण, याबद्दल घोळ होऊ नये म्हणून नियमात नीट खुलासा आहे. जिला योग्य ठरवण्यात आले आहे ती योग्य व्यक्ती. त्रिवेणीने या खुलाशाच्या आधारे शोध सुरू केला.

पहिले नाव सहज सुचले. आबासाहेब हे तिच्या नवऱ्याचे लांबचे मामा. अफझलगंजला डाळींचा ठोक व्यापार, एका मराठी मंडळाचे अध्यक्षपद, आणि दर गणपतीत 'संस्कार' या विषयावर भाषण. (भाषण दरवर्षी तेच असते, कारण संस्कारही तेच आहेत.) आबासाहेबांनी तिला पुढे बोलूच दिले नाही.

"सूनबाई, पोरगं माझ्याकडं सोड. गादीवर बसू दे. चार चांगली माणसं बघितली की वळण आपोआप लागतंय."

गौतम दुकानात बसू लागला. वेळेवर यायचा, पडेल ते काम करायचा, पोती हलवायचा. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग एका हॉटेलचा मालक तूरडाळ घ्यायला आला. डाळ ओंजळीत घेऊन त्याने विचारले, "नया माल है ना सेठ?"

"एकदम नया," आबासाहेब म्हणाले, "कलच आया."

"कल मिलाया," गौतम म्हणाला. "आधा पुराना है."

त्यात उद्धटपणा नव्हता. गिऱ्हाइकाने विचारले होते, आणि मिसळायच्या वेळी पोते धरून उभा तोच होता. हॉटेलवाल्याने ओंजळ पोत्यात रिकामी केली आणि हात झटकत निघून गेला.

आबासाहेब त्याच दुपारी घामाघूम होऊन त्रिवेणीच्या कार्यालयात आले. "सूनबाई, पोरगं हाताबाहेर गेलेलं आहे."

"चोरी केली का आबा?"

"चोरी केली असती तर सांभाळून घेतलं असतं गं, घरचंच समजून."

दुसरी व्यक्ती आणखी योग्य होती. हेमंत पुण्याहून आलेला, आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, हिमायतनगरला फ्लॅट, काम घरूनच. "ॲक्च्युअली, आपण समाजाचं देणं लागतो," असे तो पहिल्याच भेटीत म्हणाला. हे वाक्य त्रिवेणीने आजवर फक्त कार्यक्रमांत ऐकले होते, घरात चहा पिताना कोणी म्हटल्याचे ते पहिलेच उदाहरण. हेमंतने गौतमला जुना लॅपटॉप दिला, टायपिंग शिकवले. त्याची बायको सुजाता ऑफिसला जाण्यापूर्वी दोघांसाठी पोळ्या करून ठेवायची. एकदा तिने सहज विचारले, "भाजी कशी झाली रे?" गौतम म्हणाला, "खारट." सुजाता हसली. तिच्या लग्नानंतर त्या घरात भाजीबद्दल कोणी पहिल्यांदाच मत दिले होते.

एक दिवस हेमंतने तापाची रजा घेतली आणि इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेला. जाताना एक मोबाइल घरी ठेवला. "ऑफिसचा फोन आला तर सांग, सरांना ताप आहे, झोपलेत."

फोन आला. पलीकडे हेमंतचा वरिष्ठ होता.

"साब बोले, बुखार है, सोए हैं बोलके बोलना," गौतमने निरोप जसाच्या तसा पोचवला.

"अच्छा. और साब हैं कहाँ?"

"दूसरी कंपनी में. नौकरी देखने गए."

दुसऱ्या कंपनीने हेमंतला घेतले नाही. पहिलीने त्याला काढले नाही, फक्त रोज ऑफिसात येऊन बसायला सांगितले, आणि त्यामुळे घरी दिवसा कोणीच उरले नाही. गौतमला परत आणून सोडायला सुजाता स्वतः आली. डबा भरून दिला. त्रिवेणीला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, मला तो आवडला होता हो. पण असा मुलगा घरात ठेवता येत नाही."

याखेरीज त्रिवेणीने एक निवृत्त मुख्याध्यापक, एक ट्यूशनवाले आणि एका देवस्थानाचे विश्वस्त यांच्याकडेही चौकशी केली. तिघांनीही मुलाविषयी एकच प्रश्न विचारला, "चोरीबिरी ठीक आहे, पण तो बोलतो का?" बातमी पसरली होती.

तारीख जवळ आली. शेवटी त्रिवेणीने गौतमला इराण्याच्या हॉटेलात नेले, चहा मागवला, बिस्किटे मागवली, आणि नोकरीत कोणत्याही मुलाला विचारला नव्हता असा प्रश्न विचारला.

"गौतम, तू खोटं का बोलत नाहीस?"

आपलेच शब्द कानावर पडल्यावर तिने आजूबाजूला पाहून घेतले.

"बोलतो की मॅडम. पण मग कोणाला काय सांगितलं ते ध्यानात ठेवावं लागतं. माझं पाठांतर कच्चं आहे."

त्रिवेणीला जरा हायसे वाटले. प्रश्न तत्त्वाचा असता तर कठीण होते. हा नुसताच आळस होता, आणि आळसावर उपाय असतो. त्या दिवसापासून तिने त्याला शिकवायला घेतले. (कार्यालयीन भाषेत यास समुपदेशन म्हणतात.)

"बोल. पश्चात्ताप होतो का?"

"थोडा होतो."

"थोडा चालत नाही."

"मग किती चालतो?"

"खूप."

"पण त्या काकांची गाडी मिळाली ना त्यांना. पेट्रोल पण उरलं होतं."

"गौतम, आयटीआयला जायचंय ना?"

"हौ मॅडम."

"मग खूप."

"खूप," गौतम म्हणाला.

"मान खाली घालून म्हण. इतकी नाही, आवाज टेबलात जातो. हां, इतकी. 'हो'च्या आधी जरा थांबायचं. लगेच म्हटलंस तर पाठ केल्यासारखं वाटतं."

पोरगा हुशार होता. यंत्र असो की वाक्य, एकदा उघडून दाखवले की त्याला जोडता येत असे. थोड्याच दिवसांत तो कुठे थांबायचे ते शिकला, मग आवाज कुठे बारीक करायचा ते. एका सकाळी त्रिवेणीने नेहमीप्रमाणे दूरस्थ गृहभेट घेतली.

"कुठे आहेस गौतम?"

"घरीच मॅडम. पुस्तक वाचतोय."

आणि त्याच्या मागून कंडक्टरची आरोळी स्वच्छ ऐकू आली, "अफझलगंज! अफझलगंज!"

त्रिवेणीला पहिल्यांदा आनंद झाला. प्रगती होती. तिने भेट झाल्याची नोंद केली, मुलगा घरी अभ्यास करताना आढळला असे लिहिले. मग दुपारी डबा उघडला आणि न खाताच पुन्हा लावून ठेवला. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी विचारले, "बरं नाही का?" "ॲसिडिटी," ती म्हणाली.

योग्य व्यक्तीचा प्रश्न बाकी होता. तो आबासाहेबांनीच सोडवला. माणूस मुळात मायाळू. "सूनबाई, नाव माझं घाल," ते म्हणाले, "पोरगं तेवढं पाठवू नकोस."

अशा रीतीने गौतम कागदावर आबासाहेबांच्या सहवासात राहू लागला. आणि प्रत्यक्षात दिवसभर एकटा, कुलूप आतून लावून, हेमंतच्या जुन्या लॅपटॉपवर इंजिनांचे व्हिडिओ बघत.

तारखेला सत्यवती हॉस्टेलातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली होती. हाताला अजून फोडणीचा वास होता. आबासाहेब धोतर-कोटात येऊन पुढच्या रांगेत बसले. मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्मा नीट केला आणि गौतमकडे पाहिले. मागचा अनुभव त्या विसरल्या नसाव्यात, कारण या वेळी त्यांनी साध्या प्रश्नांपासून सुरुवात केली.

"रोज आबासाहेबांकडे जातोस?"

त्रिवेणीची नोकरी, पोराचे शिक्षण आणि आबासाहेबांचे अध्यक्षपद या एका प्रश्नावर उभे होते. गौतमने सवयीने तोंड उघडले होते. मग ते मिटले. मान खाली गेली, बरोबर तितकीच. तो थांबला.

"हो. रोज. आबा फार मायेनं वागवतात. चार चांगली माणसं बघितली की वळण लागतं, हे आता कळलं."

"आणि मॅडम घरी येऊन बघतात का?"

"दर आठवड्याला येतात. आईला पण धीर देतात."

"पश्चात्ताप होतो?"

"खूप," गौतम म्हणाला, आणि इथे त्याने आवाज असा बारीक केला की मंडळाच्या एका सदस्याने रुमाल काढला. हे त्रिवेणीने शिकवले नव्हते. हे त्याचे स्वतःचे होते.

मुलाच्या वागणुकीत लक्षणीय आणि समाधानकारक बदल दिसून येतो, असे मंडळाने म्हटले. संस्थेचा विषय संपला. आबासाहेबांच्या निःस्वार्थ कार्याची वाखाणणी झाली, तेव्हा त्यांनी उभे राहून नमस्कार केला. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होते, आणि ते खरे होते. त्या घटकेला त्यांनाही वाटत होते की पोरगं रोज आपल्याकडेच येत असे.

बाहेर व्हरांड्यात सत्यवतीने त्रिवेणीपुढे हात जोडले. पोराचे शिक्षण वाचले म्हणून तिचे मन भरून आले होते. पण जाता जाता ती घुटमळली.

"मॅडम, राग मानू नका. आत जो बोलला तो मला माझा पोरगा वाटलाच नाही. मी आपली शेजारी बघत बसले, कोणाचा आहे म्हणून."

सत्यवती हॉस्टेलच्या बसकडे गेली. गौतम मागे राहिला, परीक्षेचा पेपर चांगला गेलेल्या मुलासारखा.

"बरोबर झालं ना मॅडम? 'फार मायेनं' जरा जास्त झालं काय?"

"नाही. बरोबर झालं."

"मॅडम, एक विचारू? तुम्ही खरंच कधी घरी येणार होता?"

"येणार होते रे," त्रिवेणी म्हणाली. "कामं फार होती."

गौतमने तिच्याकडे निरखून पाहिले, एक कारागीर दुसऱ्याचे काम पाहतो तसे.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मान खाली घालायची राहिली."

गौतम आता आयटीआयला आहे. मास्तर त्याच्यावर खूश आहेत. तो आईला वेळेवर जेवल्याचे सांगतो, मास्तरांना समजल्याचे सांगतो, आणि लाल दिव्याला थांबत नाही. कार्यालयाने त्याचे प्रकरण यशस्वी म्हणून वरिष्ठांकडे पाठवले. त्रिवेणीला शाल मिळाली. ती तिने सासूला दिली. सासूने ती पांघरून शेजारणींना सांगितले की सून परीक्षेत पहिली आली.

एवढे वाचेपर्यंत आपल्याला गौतमबद्दल बरे वाटू लागले असेल. आबासाहेबांना आपण हसलाही असाल. हेमंतच्या जागी आपण असतो तर पोराला परत पाठवले नसते, असेही मनात येऊन गेले असेल. हे फार चांगले झाले, कारण योग्य व्यक्तींची सध्या अतिशय टंचाई आहे, आणि आपण योग्य आहात याबद्दल कार्यालयाला शंका नाही.

प्रणिता नावाची एक पंधरा वर्षांची मुलगी नुकतीच आली आहे. (खरे नाव वेगळे आहे.) कोचिंगच्या वसतिगृहात तिने एकीचा मोबाइल उचलला, आणि कोणी घेतला असे विचारताच "मी" म्हणाली. त्रिवेणी तिला घेऊन घरोघर फिरते आहे. आज ती आपल्याकडे आली आहे. आपण दोघींना आत घेतले, पंखा लावला, पाणी दिले. मुलगी सोफ्याच्या कडेवर बसली आहे आणि शांतपणे आपल्याकडे पाहते आहे. आपण तिची विचारपूस केली. आजकालच्या पिढीबद्दल दोन शब्द बोललात. अशा कामाला आपला नेहमीच पाठिंबा असतो, हे सांगितलेत. जागेची थोडी अडचण आहे, तीही सांगितलीत. मग आपण उठून उभे राहिलात आणि अगदी मनापासून म्हणालात, "घरात विचारतो आणि दोन दिवसांत नक्की कळवतो."

त्रिवेणी "बरं" म्हणून पर्स उचलते. तिला हे वाक्य पाठ आहे.

मुलगी मात्र आपल्याकडे पाहतच राहते, आणि त्रिवेणीने दटावायच्या आत म्हणते, "मॅडम, हे कळवणार नाहीत."